ग्वानाह्वातोला किमान दोन मुक्काम द्या

चारही दिवस मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदेमध्ये काढून ग्वानाह्वातो सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा बेत तुम्ही लिहिलाय. माझं आग्रहाचं सांगणं, तो उलटा करा. सान मिगेल देखणं आहेच, गुलाबी दगडाचं पारोकिया हे चर्च तर बघत राहावं असं. पण स्पॅनिश राजवटीची गोष्ट कळते ती ग्वानाह्वातोत, कारण ते शहर चांदीवर उभं आहे. वालेन्सियाना खाणीच्या तोंडाशीच १७८८ साली पूर्ण झालेलं सान कायेतानो चर्च आहे. आतल्या तिन्ही वेदी सोन्याने मढवलेल्या. तिथून थेट आलोंदिगा दे ग्रानादितास या धान्यकोठाराकडे जा. २८ सप्टेंबर १८१० ला स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेल्या पाद्री इदाल्गोच्या बंडखोरांनी ते जिंकलं, आणि पुढच्याच वर्षी इदाल्गो आणि त्याचे साथीदार आयेंदे, आल्दामा, हिमेनेस यांची मुंडकी त्याच्याच चार कोपऱ्यांवर टांगली गेली. दहा वर्षं ती तशीच होती! सान मिगेलच्या नावातला आयेंदे तो हाच.

हॉटेल ठरवताना पायऱ्या किती ते विचारून घ्या. गाड्या बऱ्याचशा जुन्या नदीपात्रातल्या बोगद्यांतून धावतात, त्यामुळे टॅक्सी खाली सोडते आणि बॅगा उचलून वर चढावं लागतं. आईबाबा सोबत आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय. ऑक्टोबरात सेर्वांतिनो हा मोठा कला महोत्सव असतो, तेव्हा जाणार असाल तर खोल्या फार आधी धरा.

शाकाहारींसाठी: घेवड्याच्या उसळीसारख्या फ्रिहोलेसमध्ये डुकराची चरबी असू शकते. मागवताना 'सिन मांतेका' (चरबीशिवाय) म्हणा.