लोफोटेन : गाइड कशासाठी घ्यावा?

प्रश्न असा आहे की नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर कयाक (वल्हवायची अरुंद होडी), डोंगर, सायकल अशी गाइडसकट टूर घ्यावी, की गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण फिरावं. माझ्या मते डोंगरासाठी गाइड नसला तरी चालतं, समुद्रासाठी हवाच.

तिथला राइनेब्रिंगेन डोंगर जेमतेम 448 मीटर उंच. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत, वाट चुकायचा प्रश्नच नाही. उतरताना गुडघे बोलतात, एवढंच. (पाऊस असेल तर मात्र गुमान खाली बसून कॉफी प्या.)

कयाकचं तसं नाही. उबदार सागरी प्रवाहामुळे तिथली हवा आर्क्टिकच्या मानाने सौम्य, पण पाणी भर जुलैतही हुडहुडी भरवणारं. म्हणून ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा अंगभर पोशाख, घालतात. गळ्याशी आणि मनगटाशी रबराची पट्टी इतकी घट्ट की पहिली पाच मिनिटं जीव गुदमरतो. वारा कधी फिरेल हे स्थानिक माणसालाच कळतं.

सायकलसाठी म्हणाल तर ई-10 या मुख्य रस्त्यावर कॅम्परव्हॅनची गर्दी आणि बोगदे, त्यातला एक तर समुद्राखालून. मी तो भाग गाळेन.

जूनच्या सुरुवातीला गेलात तर लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळताना दिसेल, आपल्या बोंबलांसारखाच, मीठ न लावता. मध्यरात्रीही ऊन असतं, डोळ्यांवरची पट्टी न्याच.