कारखाना बंद, कळवलं ईमेलने: जीकेएनच्या फ्लॉरेन्स प्रकरणात चूक कोणाची?

जुना फिटर: ९ जुलै २०२१, शुक्रवार. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या काम्पी बिझेन्झिओत गाड्यांचे ड्राइव्ह शाफ्ट (चाकापर्यंत फिरकी नेणारे दांडे) बनवणाऱ्या जीकेएन या ब्रिटिश कंपनीच्या कारखान्यात त्या दिवशी सगळ्यांना रजा दिलेली. घरी ईमेल आला: कारखाना बंद, ४२२ जण कामावरून कमी. मालक होती मेलरोझ, कंपन्या विकत घ्यायच्या, सुधारायच्या आणि विकायच्या हाच जिचा धंदा. माझ्या मते ही सरळसरळ दगाबाजी आहे.

कॉस्टिंगवाला: ईमेल वाईटच. पण भावना बाजूला ठेवा. सुट्या भागांच्या धंद्यात गाडीकंपनी दरवर्षी भाव कमी करून मागते, पोलाद आणि वीज कमी होत नाही. मशीन अर्ध्या क्षमतेवर चाललं तरी हप्ता पूर्णच जातो. त्यात ईव्ही आलीय. आज ना उद्या टाळं लागणारच होतं.

ग्रीसचा डबा: ईव्हीचं कारण इथं लागू होत नाही हो! क्लच, सायलेन्सर, इंजेक्टर बनवणारे रडले तर समजू शकतो, ईव्हीत ते लागतच नाहीत. मोटर असो की इंजिन, चाकापर्यंत फिरकी न्यायला शाफ्ट लागतोच. उलट मोटर पहिल्या झटक्यात पूर्ण जोर देते, म्हणजे शाफ्टचा जॉइंट आणखी दणकट हवा.

कॉस्टिंगवाला: मुद्दा मान्य. पण शाफ्ट लागतो म्हणजे तो तिथलाच लागतो असं थोडंच आहे?

जुना फिटर: सप्टेंबर २०२१ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने कंपनीचं वागणं युनियनविरोधी ठरवलं. नोटिसा मागे घ्याव्या लागल्या.

कॉस्टिंगवाला: न्यायालयाने पद्धत चूक ठरवली. बंद करायचा हक्क शाबूतच राहिला. डिसेंबरात मालक बदलला, तरी मशीन फिरलं नाही.

ग्रीसचा डबा: पद्धत म्हणजे नुसती कागदपत्रं वाटतात का तुम्हाला? इटलीत एकाच वेळी अनेकांना कामावरून कमी करायची प्रक्रिया ७५ दिवसांची. तेवढ्यात कारखान्याला दुसरं काम शोधायचं, तर नव्या गिऱ्हाइकाकडे नमुना पाठवून, चाचण्या होऊन भाग पास व्हायला वर्ष सहज जातं. म्हणजे ७५ दिवससुद्धा अपुरेच. कामगारांनी पुढे मालवाहू सायकली आणि सौर पॅनेलचा आराखडा मांडला. तीच माणसं दोन वर्षं आधी विश्वासात घेतली असती तर?

कॉस्टिंगवाला: दोन वर्षं आधी सांगितलं तर चांगले टूलमेकर पहिल्याच महिन्यात दुसरीकडे जातात, आणि तोवरचा तोटा कोण भरणार?

जुना फिटर: २०१८ मध्ये जीकेएनसाठी आठ अब्ज पौंड मोजणारे.