कळा खऱ्या की खोट्या? तुम्हाला कसं कळलं?

काल रात्री धाकट्या बहिणीचा फोन. नववा महिना चालू आहे. "ताई, पोट कडक होतंय, निघू का?" म्हटलं कूस बदल, पाणी पी, जरा चाल. थांबलं. म्हणजे खोट्या. मला मात्र झोप लागेना, माझंच सगळं आठवत बसले. माझ्या कळा पोटात नाहीच, कंबरेत सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं पाठ होतं: पहिलटकरणीने दर ५ मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं. तुमचं लिहा, तिला दाखवणार आहे. फार घाबरवू नका!

चकली७
कळा मोजायचं काम नवऱ्याकडे. ऐन कळेत विचारतो, "संपली का? बटण दाबू?" 😡

मीरा_क
माझं आधी पाणी गेलं, कळा नंतर. सिनेमात दाखवतात तसं धो धो नाही हं, थेंब थेंब. लघवी सुटतेय असंच वाटलं, पण पॅड ओला होतच राहिला. पाणी गेलं की कळा नसल्या तरी फोन करायचाच. हिरवट किंवा लाल दिसलं तर तडक निघायचं. बाळाची हालचाल कमी वाटली तरी तेच, सकाळची वाट बघत बसू नको म्हणावं.

शांतशांत
एपिड्युरलने (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत टोचून देतात ती भूल) कंबर कायमची दुखते का?

चकली७
घेतलंय मी. टोचलं तिथे थोडे दिवस दुखलं, बस. कायमच्या दुखण्याशी संबंध नाही असं भूलतज्ज्ञ बाईंनी आधीच सांगितलेलं. कळ चालू असताना न हलता बसणं, ते खरं अवघड!

गोगलगाय
माझं सिझर, बाळ पायाळू. चालेल ना इथे?

धागाकर्ती
अगं लिही की!

गोगलगाय
शुद्धीत होते. दुखत नाही, पण आत ओढाताण चाललेली कळते. नंतर अंग असं थडथडायला लागलं की मी घाबरले. सिस्टर म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतं. नॉर्मलवाल्यांनाही होतं म्हणे.

दोनमुलांचीआई
+१. आणि वारेचं कोणी बोलतच नाही. बाळ आलं, मला वाटलं सुटले. तर "अजून एकदा जोर लावा"! दुसऱ्या खेपेला पाजताना पोटात कळा यायच्या, पहिल्यापेक्षा जास्त. पिशवी आकसते त्याच्या. तारखेवर फार जाऊ नको म्हणावं, नेमकी त्या दिवशी जन्मणारी शंभरात जेमतेम ५.

बाबा_नं_१
पुरुषांनी लिहिलं तर चालेल? माझ्याकडे कंबर दाबायचं खातं. "जोरात दाब" आणि "हात लावू नकोस" एकाच मिनिटात.

मीरा_क
😂😂 फाइल कोणाकडे होती?

बाबा_नं_१
माझ्याकडेच. चार्जर राहिला.

गोगलगाय
लांब वायरचा घ्या, प्लग कायम पलंगापासून लांब. मीरा, तू परत कामावर रुजू झालीस का गं? मेसेज बघ.

मीरा_क
बघते, हा झोपला की. आत्ता अंगावरच आहे.