जाता जाता गव्हर्नर: अलास्काची तिजोरी नक्की कोणाची?

अँकरेजकर: गव्हर्नर माइक डनलीव्हींची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपतेय. सलग दोनदाच राहता येतं, त्यामुळे जाणं भाग आहे. माझ्या मते माणूस ताठ मानेने जातोय. आठ वर्षं प्राप्तिकर येऊ दिला नाही, विलो या तेलप्रकल्पासाठी खिंड लढवली, आणि तेलाच्या पैशातून राज्याने साठवलेला पर्मनंट फंड ८० अब्ज डॉलरच्या वर आहे. खनिजांनी भरलेलं राज्य चालवणं सोपं वाटत असेल त्यांनी तेलाचा भाव पडलेला असताना बजेट मांडून दाखवावं.

हिशेबी: हे वाचून गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय. फंडाचं श्रेय यांना? १९६९ मध्ये प्रूडो बेच्या तेलपट्ट्यांच्या लिलावाचे ९० कोटी डॉलर आले आणि काही वर्षांत खर्चून मोकळे झालो, म्हणून १९७६ मध्ये लोकांनी मतदान करून राज्याच्या घटनेतच कुलूप घातलं: खनिज रॉयल्टीचा किमान चौथा हिस्सा फंडात. तेव्हा हे गृहस्थ शाळेत असतील. यांचं स्वतःचं वचन काय होतं? फंडाच्या नफ्यातून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला जो चेक मिळतो, तो 'फॉर्म्युल्याप्रमाणे पूर्ण' देऊ म्हणत २०१८ मध्ये निवडून आले. २०२२ मध्ये ३,२८४ डॉलर मिळाले, तेल महाग होतं आणि निवडणूकही होती. २०२५ मध्ये १,०००. १९८२ चा पहिला चेकही १,००० चाच होता! मधल्या महागाईचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

अँकरेजकर: चेक विधिमंडळाने कापला. त्यांनी बहुतेक वर्षी पूर्णच मागितला होता.

हिशेबी: मागायला काय जातंय हो! पैसे कुठून आणायचे ते सांगायचं नाही, राखीव निधीकडे बोट दाखवायचं. त्यापेक्षा आधीचे गव्हर्नर बिल वॉकर बरे. २०१६ मध्ये निम्मा चेक उघडपणे कापला आणि त्याची राजकीय किंमत मोजली.

तुंड्रा_ताई: तुम्हा शहरवाल्यांना चेक म्हणजे हवाई बेटांची तिकिटं. आमच्या गावात त्यातून स्नोमशीनचं, म्हणजे बर्फावरच्या गाडीचं, पेट्रोल आणि शिकारीची काडतुसं येतात, म्हणजे हिवाळ्याचं जेवण. शेजारच्या आजी ऑक्टोबरची वाट बघत असतात. आणि शाळा? डनलीव्ही स्वतः उत्तरेकडे शिक्षक होते, तरी शाळांच्या पैशावर व्हेटो. ऑगस्ट २०२५ मध्ये विधिमंडळाने तो उलटवला. त्याला ६० पैकी ४५ मतं लागतात. इथे ४५ जण एका गोष्टीवर एकत्र आणणं म्हणजे कर्तृत्वच म्हणायचं!

जुना_जाणता: मूळ रोग १९८० चा. तेलाचा पैसा येतोय म्हणून प्राप्तिकरच काढून टाकला. तेव्हाचे गव्हर्नर जे हॅमंड यांना ते पटत नव्हतं, पण सही केली, आणि खुर्ची सोडल्यावर वर्षानुवर्षं ती चूक होती असं सांगत राहिले. आज नॉर्थ स्लोपवर, म्हणजे उत्तरेच्या तेलक्षेत्रात, दोन आठवडे काम करायचं, विमानाने टेक्सासला जायचं, पगार तिकडे उडवायचा, राज्याला त्यातला एक सेंट नाही. रस्ते आमचे, थंडी आमची.

ह्यूस्टनची_वहिनी: माझे मिस्टर त्याच विमानात असतात. उणे चाळीसमध्ये बारा-बारा तास उभे राहतात. तुमचे चेक ज्या तेलातून येतात ते जमिनीतून आपोआप वर येतं का? मुलीच्या दोन वाढदिवसांना ते घरी नव्हते. जरा जपून बोला.

जुना_जाणता: वहिनी, कष्टांबद्दल एक शब्द बोललो नाही. कराबद्दल बोललो. इतर बहुतेक राज्यांत बाहेरून येऊन कमावलं तरी तिथला कर भरावा लागतो.

ह्यूस्टनची_वहिनी: कंपन्या उत्पादन कर भरतात ना! दरवेळी मजूरच दिसतो तुम्हाला.

अँकरेजकर: धागा गव्हर्नरांवर होता. आणि प्राप्तिकर आला तर तो माझ्यावरही येईल, हे जुना_जाणता सोयीस्करपणे विसरतात. मुलांचे चेक अठरा वर्षं साठवले, त्यावर थोरलीचं कॉलेज झालं. तो पैसा सरकारच्या हातात दिला असता तर?

हिशेबी: तर अलास्का विद्यापीठ २०१९ मध्ये वाचलं असतं. डनलीव्ही त्याच्या १३ कोटी डॉलरच्या वर कात्री लावायला निघाले होते, आरडाओरड झाल्यावर तीन वर्षांत सात कोटींवर आले. थोरली राज्याबाहेरच शिकली ना?

अँकरेजकर: सिअ‍ॅटलला. त्याचा काय संबंध?

हिशेबी: काही नाही. असंच.

तुंड्रा_ताई: १९८८ मध्ये तेलाच्या पाइपलाइनमधून दिवसाला २० लाख बॅरल जायचे, आता पाच लाखांच्या आत. पुढचा गव्हर्नर कोणीही येवो, हाच आकडा त्याच्या टेबलावर असणार. डनलीव्हींनी निदान नव्या गॅस पाइपलाइनचा विषय जिवंत ठेवला, हे मान्य.

हिशेबी: जिवंत! ती पाइपलाइन प्रत्येक गव्हर्नर जिवंतच ठेवतो. बांधत कोणी नाही.

ह्यूस्टनची_वहिनी: बरं, लावा कर. मिस्टर भरतील. मग चेकही द्या आम्हाला.

जुना_जाणता: जरूर. एक जानेवारीपासून पुरं वर्ष इथे राहा, इथेच कायम राहायचा इरादा लिहून द्या आणि ३१ मार्चच्या आत अर्ज करा.

ह्यूस्टनची_वहिनी: तुमच्या त्या हिवाळ्यात? हजार डॉलरसाठी? ठेवा तुमच्याकडेच.