सत्तांतर, सत्तापालट की बंड? तुर्कस्तानच्या तक्त्यावरून पडलेला प्रश्न

मोगरी
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी तुर्कस्तानातल्या सरकारांवरचा मोठा लेख मराठीत आणते आहे. शेवटी एक तक्ता आहे, कोणतं सरकार कधी आलं आणि कसं गेलं याचा. 'कसं गेलं' या रकान्यात मी १९५० पुढे 'सत्तांतर' लिहिलं आणि १९६०, १९७१, १९८० पुढे 'सत्तापालट'. संपादकांनी चारही ठिकाणी 'सत्तांतर' केलं. दोन्हींचा अर्थ एकच, तक्त्यात शब्द एकच हवा, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटत नाही. १४ मे १९५० ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इनोनू यांचा पक्ष निवडणुकीत हरला. प्रजासत्ताक झाल्यापासून २७ वर्षं तोच पक्ष राज्य करत होता आणि तरी तो विरोधी बाकांवर जाऊन बसला. त्या निवडणुकीत जिंकून पंतप्रधान झालेल्या अदनान मेंदेरेसना २७ मे १९६० ला सैनिकांनी पकडलं. यासिआदा बेटावर खटला चालवला आणि १७ सप्टेंबर १९६१ ला इमराली बेटावर फाशी दिली. या दोन्ही घटनांना एकच शब्द कसा लावायचा? तुमच्या कानाला 'सत्तांतर' आणि 'सत्तापालट' यात फरक जाणवतो का?

जुनी_शाई
फरक आहे आणि तो व्याकरणातच आहे. 'अंतर' म्हणजे इथे 'दुसरं'. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. तसं सत्तांतर म्हणजे सत्ता दुसऱ्याकडे गेली, एवढंच. कशी गेली हे तो शब्द सांगत नाही. 'पालट'मध्ये उलथवणं आहे. मी परराष्ट्र पानावर बरीच वर्षं काढली. आमच्याकडे सैन्याने सरकार घालवलं की 'सत्तापालट' किंवा 'लष्करी उठाव', निवडणुकीने गेलं की 'सत्तांतर', हा दंडक होता. आधी 'रक्तहीन क्रांती' असंही सर्रास छापायचे. तो शब्द मला कधीच आवडला नाही. रक्त सांडलं नाही म्हणून क्रांती होत नाही.

पाटीपेन्सिल
जुनी_शाई, 'पालट'मध्ये उलथवणं आहे हे मान्य नाही. हवापालट म्हणजे काय हवा उलथवणं? पिकांची फेरपालट? पालट म्हणजे बदल, साधा बदल. तुमच्या पानावरचा दंडक हा तुमच्या पानाचा, भाषेचा नव्हे. निवडणुकीनंतर 'राज्यात सत्तापालट' असा मथळा मी स्वतः कितीदा वाचला आहे.

बॉस्फरसकाठी
इस्तंबूलमध्ये नोकरीनिमित्त काही वर्षं होतो, म्हणून थोडं तिथलं सांगतो. तिथे लोक या घटनांना नाव देतच नाहीत, तारीख सांगतात. '२७ मायस', '१२ मार्त', '१२ एयल्युल', '२८ शुबात'. म्हणजे अनुक्रमे १९६०, १९७१, १९८० आणि १९९७. एवढं बोललं की समोरच्याला कळतं. नाम लावायला गेलात की लगेच बाजू ठरते. २७ मेला 'दार्बे' म्हणणारा एका बाजूचा, 'देवरिम' म्हणणारा दुसऱ्या बाजूचा. पहिल्याचा अर्थ घाव, दुसऱ्याचा क्रांती. १९६३ पासून १९८१ पर्यंत २७ मे हा चक्क राष्ट्रीय सण होता, 'स्वातंत्र्य आणि राज्यघटना दिन'. शाळांना सुट्टी. मग १९८० मध्ये सत्ता घेतलेल्या सेनापतींनीच तो सण बंद केला. पुढे १९९० मध्ये मेंदेरेसचे अवशेष इस्तंबूलला आणून सन्मानाने पुरले. ज्या देशात एकाच दिवसाचा सण होतो आणि शोकही, तिथे मराठीत एक शब्द ठोकून मोकळं होणं हा त्या लोकांवर अन्याय आहे.

मोगरीताई, तुमच्या तक्त्यात सरकारांना क्रमांक आहेत का? तिथे ते असतात. पहिलं 'हुक्युमेत' इस्मेत इनोनूंचं, ३० ऑक्टोबर १९२३. शेवटचं, ६५ वं, बिनाली यिल्दिरिम यांचं. ९ जुलै २०१८ ला पंतप्रधानपदच रद्द झालं आणि सगळा कारभार राष्ट्राध्यक्षांकडे गेला, म्हणून मोजणी तिथे थांबते.

मोगरी
हो, क्रमांक आहेत. मी 'सरकार' असंच ठेवलं आहे.

बॉस्फरसकाठी
मग तिथेच खरी अडचण आहे. १९ ते २३ ही पाचही हुक्युमेत एकट्या मेंदेरेसची. पंतप्रधान तोच, पक्ष तोच. आपण त्याला पाच सरकारं म्हणणार का? मराठी वाचकाला वाटेल, दहा वर्षांत पाचदा सत्ता गेली. तिथे 'मंत्रिमंडळ' हवं.

माणदेशी
मूळ प्रश्नाकडे. मला 'सत्तापालट' आणि 'उठाव' दोन्ही खटकतात. उठाव खालून होतो. दबलेला माणूस उठतो. १२ सप्टेंबर १९८० ला केनान एव्रेन कोण होते? सैन्याचे सरसेनाध्यक्ष. त्यांच्या वर सैन्यात कोणीच नव्हतं. पंतप्रधान देमिरेल आणि विरोधी पक्षनेते एजेवित यांना उचलून हमझाकोयला नेऊन ठेवलं, संसद बरखास्त केली, पक्ष बंद केले. वरच्यानेच खाली दाबलं, याला उठाव म्हणायचं?

उलट १९६० बघा. ते करणारे बहुतेक कर्नल, मेजर, कॅप्टन. त्यांनी मेंदेरेसबरोबर स्वतःच्या सरसेनाध्यक्षालाही, र्युश्त्यू एर्देलहूनला, अटक केली. रजेवर इझमीरला गेलेल्या जनरल ग्युर्सेलना बोलावून पुढे बसवलं. ३८ जणांची समिती, त्यातही भांडणं, त्याच वर्षी १४ जणांना काढून टाकलं. हे खरं बंड. हाताखालच्याने वरच्याची आज्ञा मोडली. १९६० ला 'बंड' लिहा, १९८० ला लिहू नका.

पाटीपेन्सिल
'बंड' शब्द इंग्रजांनी १८५७ ला चिकटवला. आमचे आजोबा तो शब्द घरात उच्चारू देत नसत. बंड म्हणणं म्हणजे आधीची सत्ता न्याय्य होती हे गृहीत धरणं.

माणदेशी
मेंदेरेस तर निवडून आलेले होते, तीनदा! १९५०, १९५४, १९५७. त्यांची सत्ता न्याय्यच होती. शेवटी शेवटी त्यांनी वृत्तपत्रांची गळचेपी केली, विरोधकांच्या चौकशीसाठी समिती नेमली, हे सगळं खरं. पण पुढची निवडणूक कशासाठी असते? म्हणूनच 'बंड' नेमका बसतो.

ओवी
१९७१ चं काय? तेव्हा तर सैन्याने कोणाला पकडलंही नाही. १२ मार्चला दुपारी १ वाजता रेडिओवर एक पत्र वाचलं. खाली सरसेनाध्यक्ष आणि तिन्ही दलांच्या प्रमुखांच्या सह्या. आशय असा की नीट सरकार आणा, नाहीतर आम्ही येतो. तेव्हाही पंतप्रधान असलेल्या देमिरेलनी त्याच दिवशी राजीनामा दिला. संसद चालूच राहिली आणि निहात एरिम पंतप्रधान झाले. तुर्की भाषेत त्याला 'मुहतिरा' म्हणतात. मराठीत मी 'निवेदन' वाचलं आहे आणि ते वाचून वाईट वाटलं. निवेदन आपण तहसीलदाराला देतो.

जुनी_शाई
'निर्वाणीचा इशारा' वापरत होतो आम्ही.

मोडीप्रेमी
ओवी, याला आपला घरचा शब्द आहे. 'ताकीद'. मोडी कागदांत वरच्याने खालच्याला धाडलेलं 'ताकीदपत्र' पानोपानी भेटतं. १२ मार्चच्या पत्रातली खोच हीच आहे की घटनेने जो खालचा, त्याने वरच्याला ताकीद दिली. 'ताकीद' लिहिलं की अधिकार उलटा झाल्याचं वाचकाला आपोआप कळतं. 'इशारा' कोणीही कोणालाही देतो.

राहवत नाही म्हणून आणखी थोडं लिहितो. तुर्की राजकारणातले निम्मे शब्द आपल्या कागदांत बसलेले आहेत. त्यांचा 'हुक्युमेत' म्हणजे आपला हुकूम आणि हुकूमत. 'मेज्लिस' म्हणजे मजलिस. खासदाराला ते 'मिल्लेतवेकिली' म्हणतात, म्हणजे लोकांचा वकील. वकील हा शब्द आपल्याकडे काळ्या कोटात अडकला, पण पेशवाईत दरबारी जाणारा वकील म्हणजे धन्याच्या वतीने बोलणारा. आणि राज्यसंस्थेला ते 'देवलेत' म्हणतात, तीच आपली 'दौलत'. मराठी दौलत म्हणजे मराठ्यांचं राज्य, तिजोरी नव्हे. अरबीत या शब्दाच्या मुळाशी पाळी, फिरणं असा अर्थ आहे. आज याची पाळी, उद्या त्याची. सत्तांतर 'दौलत' या शब्दाच्या पोटातच आहे!

ओवी
काय सुंदर! मग 'इन्किलाब'सुद्धा. त्याचं मूळ उलटणं, पालटणं. आजच्या अरबीत 'इन्किलाब' म्हणजे लष्करी सत्तापालट, तुर्कीत 'इन्किलाप' म्हणजे अतातुर्कच्या सुधारणा आणि आपल्याकडे भगतसिंगांची घोषणा.

पाटीपेन्सिल
मोडीप्रेमी, हे वाचायला छान आहे, पण याच अरबी-फारसी ओझ्यातून सुटायला शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला हे विसरू नका. आणि तुर्कांनी स्वतः काय केलं? १९३२ मध्ये भाषामंडळ काढून अरबी-फारसी शब्द वेचून बाहेर टाकले. आपण मात्र ताकीद, हुकूमत, दौलत परत आणणार. मोगरी, 'सूचनापत्र' लिहा.

मोडीप्रेमी
बाहेर टाकले खरे, पण ते दर सरकारागणिक आत-बाहेर होत राहिले, ते ऐका. पंतप्रधानाला आधी 'बाशवेकील' म्हणत. १९४५ ला इनोनूंच्या काळात अख्खी राज्यघटना शुद्ध तुर्कीत आणली, तेव्हा तो 'बाशबाकान' झाला. मेंदेरेस आले आणि १९५२ ला त्यांनी राज्यघटनेचा जुना, १९२४ चा मजकूर परत आणला. पुन्हा बाशवेकील. १९६० ला मेंदेरेस गेले, १९६१ च्या घटनेत पुन्हा बाशबाकान. खुद्द राज्यघटनेचं नावही असंच बदललं, 'तेश्किलात-ए एसासिये'चं 'आनायासा', त्याचं परत तेश्किलात, मग परत आनायासा. शुद्धी ही तिथे पक्षाची खूण झाली. माणूस कोणता शब्द वापरतो त्यावरून त्याचं मत ओळखायचं. आपल्या भाषेचं असं व्हावं असं मला वाटत नाही.

आणि राज्यव्यवहारकोशाचं म्हणाल तर १६७४ ला पेशव्याचा 'पंतप्रधान' केला, तरी लोकांनी पुढची दीडशे वर्षं 'पेशवा'च म्हटलं.

पाटीपेन्सिल
आणि आज सगळा महाराष्ट्र देशाच्या प्रमुखाला 'पंतप्रधान' म्हणतो, शेजारचे 'प्रधानमंत्री' म्हणत असताना. चांगला शब्द केला की त्याची वेळ येते. सावरकरांचा 'महापौर' रुळलाच ना? 'सूचनापत्र'ही रुळेल.

ओवी
सूचनापत्रात दम नाही हो. रेडिओवरून ऐकून सरकार राजीनामा देतं, ते सूचनेमुळे?

मांडवीतीर
गोव्याहून लिहितो. बंड, पालट यांत सत्तरीचं दशक राहून गेलं. एजेवित, देमिरेल, एजेवित, देमिरेल, एजेवित, देमिरेल! देमिरेल एकूण सात सरकारांचे पंतप्रधान. 'सहादा गेलो, सातदा आलो' हे त्यांच्या नावावरचं वाक्य तिथे अजून सांगतात. १९७७ च्या अखेरीस देमिरेलच्या पक्षातून फुटलेले ११ जण इस्तंबूलच्या ग्युनेश मोटेलात एजेवितना भेटले, जानेवारी १९७८ मध्ये एजेवितचं सरकार आलं आणि त्या फुटलेल्यांपैकी बहुतेकांना मंत्रिपदं मिळाली. 'ग्युनेश मोटेल' हे तिथे फोडाफोडीचंच नाव झालं. नव्वदीतला गोवा पाहिलेल्याला हे समजवावं लागत नाही.

तर शब्द. यातली काही सरकारं 'पडली', काही 'पाडली'. जून १९७७ चं एजेवितचं सरकार विश्वासमतातच अडलं, ते पडलं. त्या डिसेंबरात देमिरेलचं पाडलं. एका काना-मात्रेत केवढा इतिहास आहे. मोगरीबाय, रकान्यात 'पडलं', 'पाडलं', 'हरलं', 'हटवलं' अशी क्रियापदंच लिही की. नाम कशाला हवं?

जुनी_शाई
सत्तरीच्या त्या दशकाला 'खांदेपालट' हा शब्द चपखल आहे. पालखीचे भोई चालता चालता खांदा बदलतात, पालखी तीच राहते.

माणदेशी
खांदेपालट पालखीवरून नाही, बैलांवरून. आमच्याकडे डावा बैल उजवीकडे जुंपला की खांदा पालटला म्हणत. एकाच खांद्यावर जू राहिलं की वशिंड सुजतं.

जुनी_शाई
बैलाला खांदा एकच वापरावा लागतो का? आणि 'खांदे' हे अनेकवचन आहे. भोई चार असतात, म्हणून खांदे.

बॉस्फरसकाठी
मोगरीताई, १९९७ ला काय लिहिलंत? २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या बैठकीत सेनापतींनी पंतप्रधान एर्बाकान यांच्यापुढे मागण्यांची यादी ठेवली. त्याआधी अंकाराजवळच्या सिंजानच्या रस्त्यावरून रणगाडे फिरवले होते. राजीनामा मात्र जूनमध्ये आला. तिथे याला 'उत्तर-आधुनिक दार्बे' म्हणतात.

मोगरी
तिथे रकाना अजून रिकामा आहे. मांडवीतीर यांची क्रियापदांची सूचना आवडली, पण संपादक 'रकान्यात वाक्यं नकोत' म्हणतील. १९७१ ला 'ताकीद' लिहून पाठवते आहे आणि १९६० ला 'बंड'. १९८० अडलं आहे. आणखी एक, त्यांनी 'तुर्कस्तान' खोडून सगळीकडे 'तुर्किये' केलं आहे.

पाटीपेन्सिल
'तुर्किये' कशाला? २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्या विनंतीवरून इंग्रजी नाव बदललं. मराठी नाव कोणी बदललं? आपण जर्मनीला 'डॉइचलांड' म्हणत नाही.

मोडीप्रेमी
इथे मात्र मी पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत. मराठीत तुर्कस्तानच.

बॉस्फरसकाठी
तुर्कस्तान म्हटलं की मध्य आशियातला प्रदेशही डोळ्यापुढे येतो. 'तुर्की' म्हणा.

पाटीपेन्सिल
तुर्की ही भाषा! देश तुर्कस्तान, माणूस तुर्क.

ओवी
१९९७ लाही 'ताकीद' चालेल असं मला वाटतं. पण मग २७ एप्रिल २००७ ची अडचण येते. सैन्याने रात्री संकेतस्थळावर पत्र टाकलं, तिथे त्याला 'ई-मुहतिरा' म्हणतात. सत्ताधारी पक्षाचे अब्दुल्ला ग्युल राष्ट्राध्यक्ष होऊ नयेत हा त्याचा रोख. सरकारने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं, जुलैत निवडणूक घेतली, अधिक मतांनी जिंकली आणि ऑगस्टमध्ये ग्युल राष्ट्राध्यक्ष झाले. ताकीद आली, सरकार गेलं नाही. 'कसं गेलं' या रकान्यात हिची नोंदच होणार नाही आणि माझ्या मते १९५० नंतरची ही सगळ्यात मोठी घटना आहे.

माणदेशी
सगळ्यात मोठी २००२. एर्दोआन यांच्या पक्षाला ३४ टक्के मतं आणि ५५० पैकी ३६३ जागा, कारण १० टक्के मतं नसतील तर संसदेत जागा नाही, या अटीमुळे दोनच पक्ष आत आले. आधीच्या सरकारातले तिन्ही पक्ष संसदेबाहेर. याला साधं 'सत्तांतर' म्हणून भागणार नाही.

जुनी_शाई, बैलाच्या वशिंडाला आमच्याकडे खांदच म्हणतात आणि जोडीला बैल दोन असतात. म्हणून खांदे.