चार लाखांच्या वर गेलो, मुलांचं क्रेडिट गेलं का?

मृण्मयी_एडिसन
अमेरिकेतला २०२५ चा टॅक्स रिटर्न भरायला बसलेय, मुलांमागे टॅक्समधून मिळणारी सूट (चाइल्ड टॅक्स क्रेडिट) मिळेल का ते बघतेय. आम्ही दोघं आयटीत, डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) मिळून ४,०३,७०० डॉलर. धाकटी इथलीच, ४ वर्षांची. थोरला पुण्यात जन्मलेला, ९ वर्षांचा, एच-४ व्हिसावर (आमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेला). त्याला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आयटीआयएन (फक्त टॅक्सपुरता नंबर) आहे. मैत्रीण म्हणते, नवरा-बायको मिळून चार लाखांवर गेलं की काही मिळत नाही. पण स्टँडर्ड डिडक्शनचे ३१,५०० वजा केले तर आम्ही खालीच येतो ना? नवरा म्हणतो, सोड गं. डे-केअरची बिलं बघून माझ्याच्यानं सोडवत नाही.

पार्सिपनीचा_बाबा
डिडक्शन विसरा. चार लाख मोजतात ते एजीआयवर, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनच्या आधीच्या उत्पन्नावर. मीही पहिल्या वर्षी असाच फसलो होतो. आणि ताई, एनआरई एफडीचं (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँकेतल्या ठेवीचं) व्याज धरलंत का?

मृण्मयी_एडिसन
अगंबाई! सासरे तर म्हणाले होते टॅक्स-फ्री. आत्ता स्टेटमेंट काढलं, ४,६०० डॉलर होतंय.

पार्सिपनीचा_बाबा
टॅक्स-फ्री भारतात, इथे नाही. म्हणजे ४,०८,३००. वरच्या दर हजाराला ५० डॉलर कापतात, आणि अर्धामुर्धा हजारही पूर्ण धरतात. तुमचे ९ हजार झाले, ४५० गेले. धाकटीचे २,२०० (२०२४ ला २,००० होते). थोरल्याला एसएसएन नाही म्हणून मोठं क्रेडिट नाही, पण 'इतर अवलंबितां'चे ५०० आहेत. २,७०० वजा ४५०, म्हणजे २,२५० मिळतात. मैत्रिणीला कळवा.
एचएसए (औषधपाण्यासाठीचं बचत खातं) आहे का? त्यात भरलेले पैसे एजीआयमधूनच वजा होतात. १५ एप्रिलपर्यंत २०२५ चे पैसे भरता येतात. ४०१(के) ला (निवृत्तीसाठी पगारातून होणाऱ्या बचतीला) मात्र आता उशीर झाला.

ट्रॉयची_सई
आमचं उलटं. ग्रीन कार्ड आहे, पण यांची नोकरी फेब्रुवारीत गेली. वर्षाची कमाई १२,५०० डॉलर, म्हणजे टॅक्सच शून्य. मला वाटलं, आता तरी एका मुलीचे पूर्ण २,२०० हातात येतील. कसचं काय! टॅक्स नसला तरी रोख हातात मिळणारा भाग कमाईवर ठरतो: २,५०० च्या वरच्या रकमेचे १५ टक्के, तेही जास्तीत जास्त १,७००. आमच्या हाती १,५००. कमी कमावलं म्हणून कमी दिलं! २०२१ मध्ये एका वर्षापुरती ही अट काढली होती, तेव्हा आमचा पगार चांगला होता.

मृण्मयी_एडिसन
सई, वाचून कसंतरी झालं गं. मी इथे ४५० साठी रडतेय.
बाबा, एचएसए यांच्या हाय-डिडक्टिबल आरोग्य विम्यावर (सुरुवातीचा बराच खर्च आपणच करायचा तो) आहे. कुटुंबाची मर्यादा ८,५५०, पगारातून ५,२५० गेलेत. उरलेले ३,३०० भरले तर बरोब्बर ४,०५,००० येतात. कपात २५० वर. नवरा झोपलाय, उठवतेच.