थंडीतली पहिली सायकल टूर: घामाचं आणि बोटांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

येत्या थंडीत सहा दिवसांची सायकल टूर ठरवली आहे. रोज साधारण ७५ किलोमीटर, मुक्काम तंबूत. एका दिवसात शंभर किलोमीटर दोन-तीनदा झालेत, पण मोकळ्या सायकलवर आणि उन्हाच्या दिवसांत. सामान लादून, सलग आणि थंडीत ही पहिलीच वेळ. पहाटे ३-४ अंश आणि दुपारी १२ च्या आसपास तापमान असेल.

गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. मागच्या रॅकवर दोन पॅनियर (रॅकच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या), वर तंबू, मिळून १४ किलो. (सगळं मांडल्यावर घरच्यांनी विचारलं, "बिऱ्हाड हलवतोयस का?") निघाल्या निघाल्या टाच पॅनियरला घासायला लागली. पिशव्या थोड्या मागे सरकवल्या, प्रश्न मिटला. हँडल मात्र हलकं होऊन डगमगतं, चढावर जास्तच. थोडं वजन पुढे घेणार आहे, त्यामुळे त्याची फार काळजी नाही.

खरी फजिती उतारावर झाली. थंडी वाजेल म्हणून सुती टीशर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट असा जामानिमा होता. आठ किलोमीटरचा चढ, निम्म्यातच आतून चिंब. माथ्यावर पाच मिनिटं थांबलो, फोटो काढले आणि तसाच खाली सुटलो. जरा वेग आला आणि टीशर्ट गार पोतेऱ्यासारखा पाठीला चिकटला. बोटं इतकी बधिर, की ब्रेक दाबला जातोय की नाही हे लिव्हरकडे बघून कळत होतं. शेवटी घाबरून थांबलो आणि हात काखेत घालून दहा मिनिटं कडेला उभा राहिलो. नंतर वाचलं, की ५ अंशात ताशी २५ किमी वारा लागला की जवळजवळ शून्य अंशासारखं वाटतं. मी तर त्याहून बराच जोरात होतो, तोही ओल्या अंगाने.

म्हणजे सुती कपडा बाद. आता आत मेरिनो लोकर, मध्ये पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट असं ठरवलंय, आणि चढ लागण्याआधीच फ्लीस काढायचं. पण घाम थोडाफार येणारच ना? माथ्यावर पोचल्यावर तुम्ही आतला कपडा बदलता का? की वरून जॅकेट चढवून अंगावरच वाळू देता? बदलायचा तर सहा दिवसांना किती जोड लागतील? अशा हवेत तंबूत रात्रभरात काही वाळेल असं वाटत नाही.

हातमोज्यांचाही घोळ आहे. जाड घातले तर गिअर बदलताना अंगठा चाचपडतो, पातळ घातले तर वर सांगितलं ते होतं. आत पातळ आणि वरून फक्त उतारापुरते वारारोधक, असं कुणी वापरलंय का? पायात दोन मोजे घालून पाहिले, तर बूट आवळला आणि बोटं आणखीच गार पडली. तो प्रयोग परत नाही.

शेवटचं, स्लीपिंग बॅग. एक जण वापरायला देतोय, तिच्यावर कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) ५ अंश आणि लिमिट (जेमतेम निभावेल ते) ० अंश लिहिलंय. मी थंडीला कच्चा आहे, त्यामुळे कम्फर्टचाच आकडा खरा धरावा असं वाटतं. मग आतून लायनर (बॅगेच्या आत घालायचं पातळ अस्तर) घालून भागेल का, की खालची मॅट चांगली घेण्यावर पैसे घालावेत? माझी मॅट साध्या फोमची, बोटभर जाडीची आहे.

स्टोव्हसाठी नुसत्या ब्यूटेनऐवजी प्रोपेन मिसळलेला गॅस घेतलाय, पॉवर बँक रात्री कुशीत घेऊन झोपणार आहे, पंक्चर काढता येतं. तेवढं सोडून बाकी काही राहत असेल तर जरूर सांगा. 'सायकलच बदल' हा सल्ला मात्र नको, आहे तीच नेणार आहे.

येत्या रविवारी पुन्हा त्याच चढावर जातोय. त्याआधी निदान कपड्यांचं आणि हातमोज्यांचं कुणी सांगितलं तर लगेच करून बघता येईल.